बाटली वाहू द्यायची

आई गेल्यावर तिच्या खोलीतलं काय ठेवायचं आणि काय देऊन टाकायचं हे ठरवायला मी मामाकडे आले, आणि राहिले ती त्याच्या माशांसाठी.

आई समुद्राच्या पाण्याची रसायनतज्ज्ञ होती. नोकरीतली बरीच वर्षं संशोधनाच्या जहाजावर आणि प्रयोगशाळेत काढून, निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर, माझ्या लहानपणी सुट्टीत आम्ही उतरायचो त्याच खोलीत, राहायला आली. खोलीत एक पलंग, भिंतभर पुस्तकं, आणि खिडकीखालच्या टेबलावर काचेच्या बुचाच्या बाटल्या, थेंब मोजून सोडायची उभी काचनळी म्हणजे ब्युरेट, आणि रसायनं. कपडे एका पेटीत मावले. ती पेटी मामीने बंद करून कोपऱ्यात सरकवली होती. टेबलाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"ते तसंच राहू दे," मामा दारातूनच म्हणाला. "त्याचं काम आहे अजून."

"करणार कोण ते काम?"

"तू. लहानपणी करायचीस की ताईबरोबर."

"लहानपणी मी झाडावरही चढायचे, मामा. आता मी पुस्तकांची मुद्रितं तपासते."

"मग तपासायचंच आहे. अक्षरांऐवजी पाणी."

मामा खाडीत मासे वाढवतो. पाण्यावर तरंगणारी मोठी गोल कडी, त्यांच्याखाली विहिरीसारखी खोल जाळी, जाळ्यांत मासे. सगळे त्यांना पिंजरे म्हणतात. मामाचे सहा आहेत, आणि त्याचं नि मामीचं अख्खं वर्ष त्या सहा पिंजऱ्यांत पोहत असतं. वादळाची त्यांना तितकी भीती नसते. भीती असते ती खालून येणाऱ्या पाण्याची.

ते पाणी काय आहे हे आईने मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तिच्याच शब्दांत सांगू शकते. "समुद्र म्हणजे डबकं नव्हे," हे तिचं पहिलं वाक्य. खोल पाण्यातला ऑक्सिजन वरूनच आलेला असतो. जिथे कडाक्याची थंडी असते तिथलं वरचं पाणी जड होऊन बुडतं, आणि बुडताना हवेतला ऑक्सिजन शिदोरीसारखा बरोबर नेतं. मग ते अंधारात वर्षानुवर्षं चालत राहतं. वाटेत वरून मेलेल्या जिवांचा बारीक चुरा पडत असतो. सूक्ष्म जीव तो खातात आणि खाता खाता शिदोरी संपवतात. ज्या पाण्याला प्रवाह मिळतो ते पुढे सरकतं, त्याच्या जागी नवं येतं. पण समुद्रात काही जागा अशा आहेत की मोठे प्रवाह त्यांना वळसा घालून जातात. आडवाटेच्या गावासारखं. गाड्या हमरस्त्याने निघून जातात, गावात नवीन माणूस फिरकत नाही. आमच्या किनाऱ्यासमोर, मधल्या खोलीवर, अशा शिळ्या पाण्याचा जाड थर आहे. त्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

एरवी तो आपल्या जागी असतो आणि त्याचा कुणाला उपद्रव नसतो. पण वर्षातून एकदा किनाऱ्यालगत सलग वारा सुटतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं, आणि ती जागा भरायला खालचं पाणी वर चढतं. वारा सुटला की पाणी चढणारच. प्रश्न एवढाच, की कुठलं पाणी. कारण समुद्राच्या उतारावरून खोलात आणखी एक प्रवाह वाहतो, वरच्या प्रवाहाच्या उलट दिशेने. तो लांबून जरा बरं पाणी घेऊन येतो. ज्या वर्षी तो जोरात असतो त्या वर्षी शिळा थर मागे रेटला जातो आणि खाडीत येणारं पाणी माशांना सोसवतं. ज्या वर्षी तो मंद असतो त्या वर्षी शिळं पाणी तळाने आत सरकतं, जाळ्यांपर्यंत चढतं, आणि पिंजऱ्यातल्या माशाला पळायला जागा नसते. मोकळे मासे निघून जातात. मामाचे जात नाहीत.

आईचं आयुष्यभराचं काम त्या खालच्या उलट्या प्रवाहावर होतं. जाण्याच्या थोडे दिवस आधी, जहाजावरच्या जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेली मोजमापं पाहून ती मामाला म्हणाली होती, "यंदा घोर करू नकोस. खालचा प्रवाह जोरात आहे. तुझे मासे माझ्यापेक्षा जास्त जगतील." ती हसली होती, मामाही हसला होता. त्या बोलण्याचा शेवट त्याने नंतर कधी उच्चारला नाही. सुरुवात मात्र घट्ट धरून ठेवली. 'यंदा घोर नाही' हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

"नाहीच आहे ना घोर, मग बाटल्या कशाला भरायच्या?" मी विचारलं.

"ताई भरायची म्हणून. प्रवाह जोरात आहे असं स्वतःच सांगायची आणि तरी बाटली भरायचीच."

पिंजऱ्यांपाशी ऑक्सिजन दाखवणारा एक मीटर टांगलेला आहे. त्याचा आकडा आत्ताचा आणि तिथलाच. चोर घरात शिरल्यावर भुंकणारा कुत्रा, असं आई त्याला म्हणायची. चार-आठ दिवसांनी पिंजऱ्यांत येणारं पाणी आज खाडीच्या तोंडाबाहेर, खोलात असतं, आणि मीटरची केबल तिथवर पोचत नाही. म्हणून बोटीने बाहेर जायचं. दोन्ही टोकांना उघडी झाकणं असलेलं एक जाड नळकांडं दोराने खोल सोडायचं. मग त्याच दोरावरून एक पितळी वजन खाली सोडायचं. आई त्याला निरोप्या म्हणायची. निरोप्या खाली जाऊन आपटला की झाकणं बंद होतात आणि त्या खोलीवरचं पाणी आत कोंडलं जातं.

खरं काम त्यानंतरचं. नळकांड्याच्या तोटीला रबरी नळी लावायची, नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवायचं आणि पाणी सोडायचं. बाटली भरली की थांबायचं नाही. पहिलं पाणी बाटलीतल्या हवेला शिवलेलं असतं, म्हणून ते खोटं. ते सगळं बाहेर पडेपर्यंत बाटली वाहू द्यायची. मग नळी अलगद काढायची, दोन रसायनं घालायची, बूच लावून हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. अगदी थोडा असेल तर फिकट, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखा. नसेल तर साका पांढरा. नेमका आकडा घरी ब्युरेटवर काढायचा, पण बोटीतच निम्मं कळतं. तोंडाबाहेरच्या खोलातल्या पाण्याला थोडा का होईना रंग आला तर खालचा प्रवाह पोचलाय, मासे जागच्या जागी राहू देत. पांढरं निघालं तर शिळं पाणी उंबऱ्याशी आलंय, पिंजरे हलवा.

हलवणं सोपं नव्हतं. पलीकडच्या टेकडीआड उथळ पाणी आहे, तिथे लाटा पाणी ढवळत ठेवतात. पण तिथे तळाला खडक आहेत. मागे एकदा मामाने नुसत्या भीतीपोटी पिंजरे तिकडे ओढून नेले, एक जाळं खडकाला लागून उभं फाटलं, आणि आतले सगळे मासे निघून गेले. शिळं पाणी त्या वर्षी आलंच नाही. तेव्हापासून तो म्हणत असे, की आता ताईच्या बाटलीने सांगितल्याशिवाय मी दोर सोडणार नाही.

तर मी बाटल्या भरू लागले. हात विसरले नव्हते. वारा सुटलेला होता. मामा सुकाणूशी बसायचा, मी नळकांडं सोडायचे, निरोप्या सोडायचे, दोर ओढायचे, आणि दोन बाटल्या भरायचे. प्रत्येक खोलीच्या दोन बाटल्या, हा आईचा नियम. दोन्ही जुळल्या तर खऱ्या. आम्ही बोलत नव्हतो. मामाला बोलायचं नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. इंजिन बंद केलं की पाणी बोटीला चापट्या मारतं तेवढाच आवाज. माझा एक हात बाटलीवर, एक नळीवर, नजर बाटलीच्या तोंडावर. पुरेसं वाहिलं असं वाटलं की मी नळी काढायचे.

साका फिकट तपकिरी यायचा. दोन्ही बाटल्यांत सारखा. घरी आकडाही थोडासाच यायचा, पण यायचा.

"बघ," मामा मामीला म्हणायचा. "ताईचा शब्द."

मामीच्या मनातून शंका जात नव्हती. "पाणी फार गार पडलंय हो," ती म्हणाली. "खाद्य टाकताना बोटं बधिर होतात."

"पडणारच गार. वारा आहे ना. खालचं वर येतंय, पण चांगलं येतंय."

"मासेही खाद्याला पूर्वीसारखे तुटून पडत नाहीत."

"तू रोज तेच तेच वाढतेस. कंटाळले असतील."

"तुम्हीही तीस वर्षं तेच खाताय. तुम्ही कुठे कंटाळलात?"

मामा माझ्याकडे वळला. "तू सांग हिला. बाटली काय म्हणते?"

"बाटली म्हणते प्रवाह आहे," मी म्हणाले. आणि मला ते म्हणताना बरं वाटलं. आईने सांगितलेलं खरं ठरत होतं, आणि ते मी माझ्या हाताने सिद्ध करत होते. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

खाडीत शेजारी आणखी एकाचे पिंजरे आहेत. त्याला सगळे लांडगा म्हणतात, कारण तो दरवर्षी 'आलं रे आलं' म्हणून ओरडतो. त्याने ते नाव कधी मनावर घेतलं नाही. हाक मारली की ओ देतो. आम्ही पुन्हा बाहेर गेलो त्या सकाळी, मी दुसऱ्या बाटलीत नुकती नळी सोडली होती, तेवढ्यात त्याची बोट खाडीच्या तोंडाच्या बाजूने येताना दिसली. मागे दोराला बांधलेला एक पिंजरा, आणि बोटीचा वेग बैलगाडीहून कमी.

"काय रे, अजून बाटल्याच भरतोयस?" तो लांबूनच ओरडला.

"तू कुठे निघालास बिऱ्हाड घेऊन?"

"टेकडीपलीकडे. पाणी येतंय. माझा गुडघा ठणकतोय."

"तुझा गुडघा दरवर्षी ठणकतो."

"खोटं बोलू नकोस. गेल्या वर्षी कंबर होती."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"त्या वर्षी स्वप्न पडलं होतं."

"एकदा तुझ्या सगळ्या सांध्यांची बैठक घे आणि काय ते ठरवून सांग म्हणावं."

"हस, हस. मासे पोट वर करून तरंगले की येशील माझ्या गुडघ्याच्या पाया पडायला."

"गुडघ्याला पाय कुठून आले रे?"

"तुझ्या डोक्याला तरी मेंदू कुठे आहे? टोपी अडकवायला खुंटी आहे नुसती."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. मामालाही आलं असावं, पण त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "आमच्याकडे ताईचा शब्द आहे. यंदा घोर नाही."

लांडग्याची बोट आमच्या बाजूने हळूहळू सरकत होती. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "ताई असत्या तर मी त्यांनाच विचारलं असतं. गुडघ्याला कोण विचारतंय." आणि तो पुढे गेला.

माझ्या पायावर गार पाणी पडत होतं तेव्हा माझं लक्ष गेलं. बाटली केव्हाची भरून वाहत होती. मी नळी काढली, दोन्ही बाटल्यांत रसायनं घातली, हलवल्या, आणि खोक्यात शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिलीतला साका रोजच्यासारखा फिकट तपकिरी होता. दुसरीतला पांढरा.

"दुसरी बिघडली," मामा वाकून म्हणाला. "रसायन कमी पडलं असेल."

"नाही पडलं."

"मग शिळं झालं असेल."

"दोन्हींत त्याच बाटलीतलं घातलंय, मामा."

"मग टाक ती. पहिली धर. पहिली बरोबर आहे."

मी काही टाकलं नाही. घरी आईच्या टेबलाशी बसून दोन्ही ब्युरेटवर घेतल्या. आम्ल घातलं, साका विरघळला, स्टार्चचे थेंब घातले. पहिलीत निळा रंग आला आणि तो घालवायला ब्युरेटमधलं द्रावण रोजच्याइतकंच लागलं; जितकं द्रावण लागतं तितका पाण्यात ऑक्सिजन. दुसरी निळी होते न होते तोच एका थेंबात स्वच्छ झाली.

एकाच नळकांड्यातलं पाणी, दोन उत्तरं. खरं तर फरक पडायचाच तर उलटा पडायला हवा होता. नळकांडं रिकामं होत जातं तशी वरून हवा शिरते, म्हणून दुसऱ्या बाटलीत जरा जास्त ऑक्सिजन निघू शकतो. कमी निघू शकत नाही. हवा पाण्यात ऑक्सिजन घालू शकते, पाण्यातून काढून नेऊ शकत नाही. म्हणजे दोन्हींत खोटी असलीच, तर पहिली.

आणि दोन्हींत फरक काय होता? दुसरी भरताना लांडगा आणि मामा भांडत होते, आणि तेवढा वेळ ती वाहतच राहिली होती.

तेव्हा मला आई दिसली, बोटीत, वाकून, एका हातात बाटली आणि एका हातात नळी. बाटली भरताना ती घड्याळ बघत नसे, दोन्ही हात गुंतलेले असत. आकडे मोजतानाही मी तिला कधी ऐकलं नाही. ती मामाला बोलत असे. नळी बाटलीत गेली की तिचं सुरू व्हायचं, आणि दर वेळी तेच, त्याच क्रमाने: दाढी वाढलीये तुझी. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलीयेस, दुकान काय परदेशात आहे? इंजिनाला खोकला झालाय, ऐकू येतंय का, की तुझ्या कानांचंही बघायचंय? बायकोला शेवटचं बाहेर कधी नेलं होतंस? पिंजरे दाखवायला नेलंस ते धरायचं नाही. रात्री घोरतोस ते वरच्या मजल्यावर ऐकू येतं. आणि ती टोपी. ती टोपी टाकून दे, तिच्यापेक्षा आमचं पायपुसणं बरं. प्रत्येक वाक्यानंतर मामा म्हणायचा, 'हो ताई.' टोपीचं 'हो ताई' झालं की नळी बाहेर.

लहानपणी मला वाटायचं की हे भांडण आहे आणि बाटली त्याच्या मध्ये येते. आईने मला बाटली वाहू द्यायला शिकवलं होतं, का ते शिकवलं होतं, पण किती वेळ हे कधी आकड्यात सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. टोपी येईपर्यंत, एवढं मला ठाऊक होतं.

मी मनातल्या मनात तिचं सगळं बोलून पाहिलं, मामाच्या 'हो ताई'सकट, समोर घड्याळ ठेवून. मग या काही दिवसांत मी बोटीत जितका वेळ थांबत होते, तितका थांबून पाहिला. निम्मासुद्धा भरला नाही. शांततेत वेळ लांबतो हे मी पुस्तकांत कितीदा वाचलंय. आम्ही दोघं गप्प बसलो होतो, मला तो वेळ नेहमीइतकाच, किंबहुना जास्तच वाटला होता, आणि बाटलीतलं हवेला शिवलेलं पाणी पुरतं निघण्याआधीच मी नळी काढत होते. दोन बाटल्या जुळत होत्या कारण दोन्ही सारख्याच चुकत होत्या. दोन्ही प्रतींत तीच चूक असेल तर ताडून पाहणाऱ्याला ती कधीच सापडत नाही, हे तर माझ्याच धंद्यातलं आहे.

मी खाली गेले. मामा जेवायला बसत होता. मी सांगितलं.

त्याने ताट जरासं पुढे सरकवलं. "म्हणजे ताई चुकली?"

"म्हणजे मी चुकले. तिचं काय ते अजून माहीत नाही."

"तेच ते. तुझ्या बाटल्या खोट्या, म्हणजे पांढरी खरी. पांढरी खरी, म्हणजे प्रवाह नाही. ती तर सांगून गेली की आहे."

"तिने पाहिला तेव्हा असेल. नंतर मंदावला असेल."

"असेल, असेल." त्याचा आवाज चढला. "एका बाटलीवरून मी पिंजरे हलवू? जाळं फाटलं तर तू शिवणार आहेस? ताई मला उगाच घोर नको म्हणाली नसती."

"ती बाटली भरायचीच ना, मामा? तूच म्हणालास. सांगायची आणि तरी भरायची."

मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं परत जाऊन या. मी आज खाद्य टाकत नाही." पोट भरलेल्या माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, हे ती आईकडून शिकली होती. मामाला न विचारता तिने खाद्य बंद केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. "आणि उभ्याने दोन घास खा. उपाशी माणूस चुकीचं ठरवतो."

दुपारी वारा आणखी वाढला होता. तोंडाबाहेर बोट चांगलीच डुलत होती. नळकांडं खाली गेलं, निरोप्या गेला, दोराला तो ओळखीचा हिसका बसला. वर ओढताना मामाने हात लावला. मी नळी जोडली, टोक बाटलीच्या तळाशी टेकवलं आणि तोटी उघडली.

घड्याळ मी आणलं होतं. बोटीच्या फळीवर, मला दिसेल असं ठेवलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "दाढी वाढलीये तुझी."

मामाने वर पाहिलं.

"चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलीयेस," मी म्हणाले. "दुकान काय परदेशात आहे?"

तो बघतच राहिला. बाटली भरली, पाणी काठावरून वाहू लागलं.

"इंजिनाला खोकला झालाय, ऐकू येतंय का, की तुझ्या कानांचंही बघायचंय?"

"हो ताई," मामा म्हणाला. अगदी हळू.

"बायकोला शेवटचं बाहेर कधी नेलं होतंस? पिंजरे दाखवायला नेलंस ते धरायचं नाही."

"हो ताई."

"रात्री घोरतोस ते वरच्या मजल्यावर ऐकू येतं." हे आता खरंच माझ्या अनुभवाचं होतं, मी त्याच खोलीत झोपत होते.

"हो ताई."

"आणि ती टोपी. ती टोपी टाकून दे, तिच्यापेक्षा आमचं पायपुसणं बरं."

"हो ताई."

मी नळी काढली. घड्याळाकडे पाहिलं. बरोबर होतं. दुसरी बाटली आम्ही तशीच भरली, पहिल्यापासून, आणि या वेळी त्याने दाढीलाही 'हो ताई' म्हटलं.

रसायनं घातली, बुचं लावली, हलवल्या, खोक्यात ठेवल्या. साका बसायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघंही खोक्याकडे न बघता टेकडीकडे बघत होतो. मग बघितलं. दोन्ही पांढऱ्या. खडूसारख्या.

मामाने एक बाटली उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि परत ठेवली.

"चुकली की ताई," तो म्हणाला. नाक पुसलं. "चल. अंधाराआधी दोन तरी न्यायला हवेत."

त्याने इंजिन सुरू केलं. ते खरंच खोकत होतं.

पिंजरा ओढताना घाई करता येत नाही; आतल्या माशांना बरोबर पोहता आलं पाहिजे, नाहीतर ते जाळ्याला चिकटून मरतात. लांडगा स्वतःचे हलवून झाल्यावर आपली बोट घेऊन आला, आणि 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. फक्त गुडघा चोळत बसला. खडकांच्या बाजूला मामी छोट्या होडीत लांब बांबू घेऊन उभी राहायची आणि जाळं जवळ गेलं की ओरडायची. त्या दिवशी दोन गेले, दुसऱ्या दिवशी तीन. सहाव्याचा नांगर गाळात रुतला होता. तो सुटेपर्यंत आणखी एक दिवस गेला, आणि त्या दिवशी पिंजऱ्यापाशी टांगलेल्या मीटरचा आकडा खाली येऊ लागला. मासे वर येऊन तोंडं उघडत मिटत होते. आम्ही तो पिंजरा ओढला तेव्हा निम्मे मासे आत पोट वर करून तरंगत होते. उरलेले निम्मे टेकडीआड पोचले.

नंतरचे काही दिवस खाडीच्या जुन्या जागेवर मीटर जवळजवळ शून्य दाखवत राहिला. तळाचे खेकडे किनाऱ्यावर चढून आले. पाणी वरून नेहमीसारखंच दिसत होतं, निळं, स्वच्छ. टेकडीआड पाच पिंजरे आणि एक अर्धा, लाटांवर खालीवर होत होते. एकाही जाळ्याला खडक लागला नाही.

आईच्या सहकाऱ्यांना मी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की प्रवाह सुरुवातीला खरोखर जोरात होता आणि मध्येच मंदावला. का, ते अजून बघतायत. मी ते मामाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पूर्ण चुकली नाही." मी म्हणाले, "नाही, पूर्ण नाही." ती असती तर स्वतःच 'चुकले' म्हणाली असती आणि पुढच्या बाटलीकडे वळली असती.

वारा पडल्यावर पाणी सुधारतंय का ते बघायला आम्ही पुन्हा बाहेर गेलो. मामाने दाढी केली होती. चष्म्याला नवीन काडी होती. मामीला तो आदल्या दिवशी बाजारात घेऊन गेला होता, आणि येताना मामीने त्याच्यासाठी नवी टोपी आणली होती. बोटीत मात्र त्याच्या डोक्यावर जुनीच होती, विटलेली, शिवण उसवलेली.

"नवीन कुठे गेली?" मी विचारलं.

"घरी आहे. घरी घालतो."

"मग ही टाक ना."

"टाकली तर तू काय बोलणार?" मामा म्हणाला. "आधीच दाढी गेली, काडी गेली. एवढ्यात बाटली भरते होय?"

फळीवर घड्याळ होतं. मी नळी बाटलीच्या तळाशी टेकवली, तोटी उघडली, आणि इंजिनापासून सुरुवात केली.